मॉलमधल्या प्रेट्झेलचा पीळ

शनिवारची दुपार. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एखाद्या मोठ्या मॉलचा मधला मार्ग माणसांनी फुललेला असतो. कुणाला बूट घ्यायचे असतात, कुणाला मुलांचे शाळेचे कपडे, तर कुणाला काहीच घ्यायचे नसते. अशा वेळी दुकानांच्या काचांमधून डोकावणाऱ्या या गर्दीला एका वळणावर अचानक एक वास गाठतो. ताज्या भाजलेल्या पावाचा, वितळलेल्या लोण्याचा आणि किंचित दालचिनीचा असा तो वास असतो. दुकान अजून नजरेच्या टप्प्यातही आलेले नसते, तरीही पावले मंदावतात. चार पावलांवर एका लहानशा गाळ्यात दोन-तीन तरुण मुले कणकेच्या लांब वळ्या करून त्यांना झटक्यात पीळ देत असतात. बाजूच्या भट्टीतून तांबूस वेढ्यांचा ट्रे बाहेर येतो आणि नुकतेच जेवून आलेले कुटुंबही रांगेत उभे राहते.

हा मऊ प्रेट्झेल. मैदा, पाणी, यीस्ट, थोडी साखर आणि वर मीठ, एवढ्याच सामग्रीचा हा पदार्थ अमेरिकी मॉलच्या संस्कृतीचे जणू बोधचिन्ह होऊन बसला आहे. तो तिथे कसा पोहोचला, त्याचा रंग आणि वास नेमका कशातून येतो, आणि मॉलच ओस पडू लागल्यावर त्याचे काय होणार, या प्रश्नांच्या उत्तरांत पाकशास्त्राइतकेच रसायन आहे, व्यापार आहे आणि एका दुःखी आईची कहाणीही आहे.

मठातील आख्यायिका, लँकेस्टरमधील भट्ट्या

प्रेट्झेलच्या जन्माविषयी सांगितली जाणारी सर्वांत लोकप्रिय कथा अशी की, सातव्या शतकाच्या आरंभी युरोपातील एका मठवासी साधूने उरलेल्या कणकेच्या वळ्या, छातीवर हात दुमडून प्रार्थना करणाऱ्या मुलांच्या आकारात वळल्या आणि प्रार्थना पाठ करणाऱ्यांना बक्षीस म्हणून वाटल्या. कथा गोड आहे, परंतु तिला समकालीन पुरावा नाही. ‘हात’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी प्रेट्झेलच्या नावाचे नाते जोडले जाते, एवढाच काय तो तिचा आधार. बाराव्या शतकात आल्सास प्रांतात तयार झालेल्या ‘होर्तुस देलिसियारुम’ या सचित्र हस्तलिखितात मात्र मेजवानीच्या मेजावर हा वेढा ठेवलेला दिसतो. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी तो जर्मन भाषिक प्रदेशात चांगलाच रुळलेला होता. आजही दक्षिण जर्मनीतील अनेक बेकऱ्यांच्या पाटीवर प्रेट्झेलचेच चिन्ह झळकते.

अमेरिकेत तो आला तो अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन भाषिकांबरोबर. या लोकांना ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणतात. नावातला ‘डच’ हॉलंडचा नसून ‘डॉइच’ म्हणजे जर्मन या शब्दाशी नाते सांगणारा आहे. आमिश आणि मेनोनाइट या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांची वस्ती असलेला लँकेस्टर परगणा हे त्यांचे मुख्य केंद्र. याच परगण्यातील लिटिट्झ गावी ज्युलियस स्टर्जिस याने 1861 मध्ये प्रेट्झेलची बेकरी सुरू केली. अमेरिकेतील पहिली व्यापारी प्रेट्झेल बेकरी म्हणून ती ओळखली जाते. तिथून नाव झाले ते कडक, कोरड्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या प्रेट्झेलचे. पिशवीतून विकला जाणारा आणि दूरचित्रवाणीसमोर बसून कुरकुर चावला जाणारा तोच हा प्रकार. जानेवारी 2002 मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश फुटबॉलचा सामना पाहताना प्रेट्झेल घशात अडकून क्षणभर बेशुद्ध पडले, ही बातमी जगभर गाजली होती.

मऊ प्रेट्झेलची परंपरा याहून वेगळी, आणि तिची राजधानी फिलाडेल्फिया. तिथला प्रेट्झेल लांबट, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो. भट्टीत एकमेकांना चिकटून भाजलेल्या या प्रेट्झेलची लादी निघते आणि लादीपावासारखे तोडून ते विकले जातात. रस्त्याच्या कोपऱ्यावरील गाडीवरून घ्यायचा, वर पिवळ्या मोहरीची चटणी ओढायची आणि चालता चालता खायचा, ही तिथली जुनी रीत. पेनसिल्व्हेनियात 26 एप्रिल हा दिवस प्रेट्झेलच्या नावाने साजरा होतो, यावरून त्या राज्याचा या पदार्थावरील हक्क किती जिव्हाळ्याचा आहे हे ध्यानात यावे.

रस्त्यावरच्या या गरिबाच्या खाण्याला मॉलची वातानुकूलित छाया मिळाली आणि त्याचे रूप पालटले. तो बदल समजून घेण्यासाठी आधी त्याचे रसायन पाहिले पाहिजे.

क्षाराची किमया

एकाच पिठाचा पाव आणि प्रेट्झेल शेजारी ठेवले तर एक फिकट सोनेरी दिसतो आणि दुसरा तांबूस तपकिरी. फरक पिठात नाही, भट्टीत जाण्यापूर्वीच्या एका बुडीत आहे. पारंपरिक जर्मन पद्धतीत वळलेला प्रेट्झेल काही क्षण कॉस्टिक सोड्याच्या तीन-चार टक्के द्रावणात बुडवून काढतात. कपड्यांचा साबण आणि तुंबलेली मोरी यांच्याशी ज्याचे नाते, तो पदार्थ खाण्यात कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु भट्टीच्या उष्णतेत हा क्षार कार्बन डायॉक्साइडशी संयोग पावून निरुपद्रवी कार्बोनेटमध्ये बदलतो. मागे राहतो तो रंग, चकाकी आणि प्रेट्झेलची ती ओळखीची, किंचित तुरट चव.

घडते ते असे. भाजताना पिठातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांची परस्परांशी प्रक्रिया होऊन तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. क्षार असला की ती कितीतरी वेगाने होते. मराठी घरात याचा अनुभव नकळत येतच असतो. भज्यांच्या पिठात सोडा जरा जास्त पडला की भजी आतून शिजण्याआधीच बाहेरून लालबुंद होतात, त्यामागेही हेच कारण असते. त्याच वेळी प्रेट्झेलच्या पृष्ठभागावरील स्टार्च क्षारात फुगून त्याचा पातळ थर तयार होतो. भट्टीत तो वाळला की प्रेट्झेलला चकचकीत त्वचा येते.

मॉलमधल्या गाळ्यावर मात्र कॉस्टिक सोडा सहसा नसतो. तो हाताळायला हातमोजे लागतात, डोळ्यांवर चष्मा लागतो आणि कामात मुरलेला माणूस लागतो. खुल्या काउंटरवर नवशिक्या तरुणांकडून जिथे काम करून घ्यायचे, तिथे खाण्याचा साधा सोडा सोयीचा. कोमट पाण्यात सोडा विरघळवून त्यात कच्चे वेढे बुडवले जातात. हा क्षार सौम्य, त्यामुळे रंगही सौम्य. जर्मन प्रेट्झेलची गडद कांती आणि कडक कड मॉलच्या प्रेट्झेलला येत नाही. तो अधिक मऊ, अधिक गोडसर आणि सोनेरी असतो. उरलेली कसर लोणी भरून काढते. भट्टीतून निघालेला प्रेट्झेल वितळलेल्या लोण्यात बुडवला किंवा लोण्याने माखला जातो. त्याची चकाकी आणि चवीचा बराचसा भाग त्या लोण्याचा असतो.

आणि तो वास? पावाच्या खरपूस कडेला जो वास येतो त्यातील एका प्रमुख द्रव्याचे नाव 2-असिटिल-1-पायरोलिन असे लांबलचक आहे. गंमत अशी की, आंबेमोहोर आणि बासमती तांदळाच्या सुगंधामागेही हेच द्रव्य आहे. हवेत त्याचा अत्यल्प अंश असला तरी नाकाला ते जाणवते. प्रेट्झेलच्या भट्टीपाशी थबकणारे पाऊल आणि आंबेमोहोराचा भात रटरटत असताना स्वयंपाकघराकडे वळणारे पाऊल यांना खेचणारी दोरी एकच आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

शेतकरी बाजारातील एक गाळा

मऊ प्रेट्झेलला मॉलमध्ये नेणारी पहिली व्यक्ती अमुकच, असे ठामपणे म्हणता येत नाही. ‘हॉट सॅम’ नावाची साखळी अमेरिकी मॉलमध्ये बऱ्याच आधीपासून प्रेट्झेल विकत होती. पण या व्यवसायाला आजचे रूप दिले ते ॲन बायलर या स्त्रीने, आणि तिची कहाणी व्यापारातून सुरू होत नाही.

लँकेस्टर परगण्यातील आमिश-मेनोनाइट कुटुंबात वाढलेल्या ॲनचे लग्न योनास बायलर यांच्याशी झाले. 1975 मध्ये शेतावरील एका अपघातात त्यांची एकोणीस महिन्यांची मुलगी अँजेला दगावली. ॲन दीर्घ काळ नैराश्याच्या गर्तेत राहिल्या. संसारही मोडकळीला आला. पती-पत्नी त्यातून सावरले ते समुपदेशनाच्या आधाराने. आपल्याला जे मिळाले ते आपल्या समाजातील इतर कुटुंबांना विनामूल्य मिळावे, अशी इच्छा योनास यांच्या मनात रुजली. समाज साधा, कष्टाळू, पण मनातले दुःख चारचौघांत न बोलणारा. तेव्हा समुपदेशन फुकट द्यायचे, तर घर चालवायला पैसा कुणीतरी मिळवला पाहिजे. ती जबाबदारी ॲन यांनी उचलली.

त्यांनी आधी मेरीलँडमधील एका शेतकरी बाजारातल्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यावर काम केले. प्रेट्झेल किती सहज खपतात हे तिथे त्यांच्या ध्यानात आले. 1988 मध्ये पेनसिल्व्हेनियातील डाउनिंगटाउन येथील शेतकरी बाजारात एक गाळा विक्रीला निघाला. सासरकडून उसने घेतलेल्या सहा हजार डॉलरांत त्यांनी तो घेतला. आरंभी तिथे पिझ्झा, आइस्क्रीम वगैरे इतर पदार्थही होते. प्रेट्झेल मात्र सुरुवातीला चक्क फसले. योनास यांनी कृतीत काही बदल सुचवले, ते करून पाहिले आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. हळूहळू बाकीचे पदार्थ यादीतून गेले आणि प्रेट्झेल तेवढा राहिला. भाचरांच्या गोतावळ्यात ॲन यांना ज्या नावाने हाक मारली जाई तेच दुकानाचे नाव झाले, ‘आंटी ॲन्स’. मराठीत सांगायचे तर ‘ॲनमावशीचे दुकान’.

पुढची कथा अमेरिकी उद्योगाच्या ठाशीव वाटेने जाते. इतरांना नाव आणि कृती वापरण्याचा परवाना देऊन शाखा वाढवण्याची पद्धत लवकरच सुरू झाली. गाळे शेतकरी बाजारांतून मॉलमध्ये गेले, मॉलमधून विमानतळांवर गेले. ठरवलेल्या हेतूप्रमाणे बायलर दांपत्याने कुटुंबांसाठी समुपदेशनाचे केंद्रही उभे केले. 2005 मध्ये ॲन यांनी कंपनी आपल्या नात्यातील सॅम बायलर यांना विकली. 2010 मध्ये ती अटलांटास्थित ‘फोकस ब्रँड्स’ या समूहाकडे गेली, ज्याचे नाव 2024 मध्ये ‘गोटू फूड्स’ झाले. दरम्यान पश्चिम किनाऱ्यावर रिक वेट्झेल आणि बिल फेल्प्स या दोघांनी 1994 मध्ये कॅलिफोर्नियातील रिडोंडो बीच येथील मॉलमध्ये ‘वेट्झेल्स प्रेट्झेल्स’ सुरू केले. तीही साखळी देशभर पसरली. शोकातून वाट काढण्यासाठी उघडलेला एक गाळा पाव शतकाच्या आत एका मोठ्या समूहाच्या ताळेबंदातील एक रकाना झाला. यात कुणी यश पाहील, कुणाला हुरहूर वाटेल. दोन्ही खरे आहे.

वर्दळीचे गणित

हा पदार्थ मॉलमध्येच इतका का फुलला, याचे उत्तर मॉलच्या रचनेत आहे. पूर्णतः छताखालचे, वातानुकूलित असे अमेरिकेतील पहिले मोठे मॉल ‘साउथडेल सेंटर’ 1956 मध्ये मिनेसोटा राज्यातील इडायना येथे उघडले. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. उपनगरांत विखुरलेल्या, मोटारीत बंदिस्त झालेल्या अमेरिकी माणसाला व्हिएन्नाच्या चौकांसारखी पायी हिंडण्याची, भेटण्या-बोलण्याची जागा मिळावी, हे त्यांचे स्वप्न. प्रत्यक्षात उरले ते मुख्यतः दुकानांचे जाळे, आणि ग्रुएन यांनी पुढे या संततीशी आपले नाते जाहीरपणे नाकारले.

नंतर सर्वत्र रूढ झालेल्या रचनेत दोन टोकांना दोन मोठी बहुमजली दुकाने आणि त्यांना जोडणाऱ्या मार्गावर लहान दुकाने असतात. एका टोकाकडून दुसरीकडे जाणारा माणूस मधल्या दुकानांचा संभाव्य गिऱ्हाईक. 1974 मध्ये न्यू जर्सीतील पॅरामस पार्क मॉलमध्ये अनेक खाद्यपदार्थांचे गाळे एकत्र आणणारा ‘फूड कोर्ट’ यशस्वी ठरला आणि तो नमुना देशभर गिरवला गेला. परंतु फूड कोर्टमध्ये माणूस भूक लागल्यावर जातो. प्रेट्झेलच्या गाळ्याचे गिऱ्हाईक भुकेले नसतेच. त्याला भुकेची आठवण करून द्यावी लागते. म्हणून हा गाळा वाटेवर असतो, वळणावर असतो, जिथून लोक वळल्याखेरीज पुढे जाऊ शकत नाहीत अशा ठिकाणी असतो.

आणि त्याची जाहिरात म्हणजे त्याचे काम. पीठ समोर लाटले जाते, वळी समोर ओढली जाते. दोन्ही टोके हातात धरून वळीचा घोड्याच्या नालासारखा आकार करायचा, टोकांना एकमेकांभोवती पीळ द्यायचा आणि ती खाली दुमडून पोटावर चिकटवायची. सरावलेल्या हाताला याला काही क्षण पुरतात आणि लहान मुले काचेला नाक लावून ते पाहत राहतात. वडापावच्या गाडीवर कढईत वडे सोडले जाताना पाहणाऱ्याला जी खात्री वाटते, तीच इथे विकली जाते. पदार्थ आत्ताचा आहे, आपल्यासाठी होतो आहे, त्यात काय पडले ते आपण पाहिले आहे. भट्टीचा वास, समोर चाललेले हात आणि कधी काडीला टोचून पुढे केलेला फुकट तुकडा, एवढ्यावर व्यवहार पक्का होतो. मैदा स्वस्त आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते मुख्यतः जागेच्या भाड्याचे, हातांच्या मजुरीचे आणि उष्णतेचे.

या मजुरीविषयी मात्र चार शब्द सांगितले पाहिजेत. पीळ देणारे हात बहुधा शाळकरी किंवा महाविद्यालयीन मुलांचे असतात आणि अनेकांची ही आयुष्यातली पहिली नोकरी असते. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन 2009 पासून ताशी सव्वासात डॉलरांवर अडकलेले आहे. काही राज्यांनी आपापले दर त्याच्या दुपटीपर्यंत नेले आहेत, तर काहींनी केंद्राचाच दर कायम ठेवला आहे. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गाळ्यांवर तोच वेढा वळणाऱ्या दोन मुलांच्या पगारात केवळ राज्याच्या सीमेमुळे मोठी तफावत पडू शकते.

घेताना काय पाहावे

प्रेट्झेलचा मोठा शत्रू म्हणजे वेळ. गरम असताना त्याची कड किंचित कुरकुरीत आणि आतला भाग लुसलुशीत असतो. थंड होताना आतली वाफ बाहेर येऊन कड मऊ पडते. वरचे मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, विरघळू लागते आणि पृष्ठभाग ओलसर, सुरकुतलेला दिसतो. तासाभराने तोच पदार्थ वातड होतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक काचेच्या पेटीतील दिव्याखाली मांडलेला प्रेट्झेल पाहण्याआधी भट्टीकडे पाहते. ट्रे बाहेर यायला पाच मिनिटे असतील तर थांबावे. नुकताच भाजलेला मागितला तर विक्रेत्याला त्यात वावगे वाटत नाही. मीठ चकाकत, कोरडे आणि टपोरे दिसत असेल तर प्रेट्झेल ताजा. मिठाचे डाग उरले असतील तर तो बराच वेळ पडून आहे असे समजावे.

लोणी नको किंवा मीठ नको असे सांगण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. ज्या साखळ्यांची वीस वा अधिक दुकाने आहेत त्यांना 2018 पासून अमेरिकेत पदार्थांच्या यादीवर उष्मांक छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे पाटी वाचण्याचे कष्ट घ्यावेत. लोण्यासह एक साधा प्रेट्झेल तीनशेहून अधिक उष्मांकांचा, म्हणजे हलका नाश्ताच असतो. दालचिनी-साखरेचा त्याहून जड, आणि चीज किंवा कॅरॅमलची वाटी घेतली की हिशेब आणखी वाढतो. सोबतचे मोठे लिंबू सरबत अनेकदा साखरेच्या बाबतीत प्रेट्झेललाही मागे टाकते. चार जणांत वाटून घ्यायचे असेल तर लहान तुकड्यांचा पेला सोयीचा. मात्र तुकडे अखंड वेढ्यापेक्षा लवकर थंड होतात, तेव्हा ते लगेच संपवावेत. घरी न्यायचाच असेल तर बिनमिठाचा घ्यावा, बंद पिशवीत कोंडू नये आणि मायक्रोवेव्हऐवजी ओव्हनमध्ये गरम करावा.

न्यू जर्सीतील एडिसनसारख्या भागांत भारतीयांची, आणि त्यांत मराठी कुटुंबांचीही, मोठी वस्ती आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना मॉल दाखवायला नेणे हा तिथला जवळजवळ कौटुंबिक विधी. शाकाहारी पाहुण्याला फूड कोर्टमध्ये काय चालेल, या पेचातून प्रेट्झेलचा गाळा पुष्कळदा सुटका करतो, कारण साध्या प्रेट्झेलमध्ये बहुधा मांस किंवा अंडे नसते. तरीही दोन गोष्टींचे भान ठेवलेले बरे. ‘प्रेट्झेल डॉग’ या नावाने मिळणाऱ्या पदार्थात पिठाच्या वेढ्याआड सॉसेज असते आणि ते बहुतेक वेळा गोमांसाचे असते. ‘पेपरोनी’ हा शब्द दिसला तर तेही मांसच. शिवाय सर्व प्रकार एकाच भट्टीतून निघतात. कडक पथ्य पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नसावा, विक्रेत्यांना अशा प्रश्नांची सवय असते. लोण्यात न्हालेला, दालचिनी-साखर लावलेला गरम प्रेट्झेल हाती आला, की गोडाची आवड असलेली आजी आणि इंग्रजीत बोलणारा नातू यांचे एकमत व्हायला वेळ लागत नाही. ‘आंटी ॲन्स’चे गाळे भारतातील काही मॉलमध्येही आले, त्यामुळे हा पदार्थ आता आजीला सर्वस्वी परका असेलच असे नाही.

रिकाम्या होत जाणाऱ्या वाटा

या सगळ्या व्यवहाराचा पाया म्हणजे वर्दळ, आणि तोच पाया गेल्या काही वर्षांत खचू लागला आहे. खरेदी संगणकावर आणि मोबाइलवर सरकली. मॉलची दोन टोके सांभाळणारी बहुमजली दुकाने डळमळली. ‘सीअर्स’ने 2018 मध्ये आणि ‘जेसी पेनी’ने 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. 2020 च्या कोरोना साथीने उरलीसुरली गर्दीही काही काळ घरी बसवली. टोकाचे दुकान बंद झाले की त्याच्याकडे जाणारी वाट ओस पडते आणि वाटेवरच्या वळणाला काही अर्थ उरत नाही. बूट किंवा कपडे घरपोच येऊ शकतात. भट्टीचा वास घरपोच येत नाही. ज्याच्या खरेदीचा निर्णय नाकाने होतो, त्याला पडद्यावरील चित्राचा उपयोग किती?

म्हणून प्रेट्झेलने वर्दळीच्या मागे जायचे ठरवले आहे. विमानतळ, रेल्वे स्थानके, विद्यापीठांची आवारे, मोठ्या किराणा दुकानांची प्रवेशद्वारे, जिथे माणसे अजूनही पायी चालतात आणि थांबतात तिथे हे गाळे सरकत आहेत. काही ठिकाणी मोटारीतूनच खिडकीवर माल घेण्याची सोय झाली आहे. दुसरीकडे, गोठवलेले मऊ प्रेट्झेल किराणा दुकानांत केव्हाच पोहोचले आहेत. जेराल्ड श्रायबर यांनी 1971 मध्ये न्यू जर्सीतील एक दिवाळखोर प्रेट्झेल कंपनी विकत घेऊन ‘जे अँड जे स्नॅक फूड्स’ उभी केली आणि तिचा ‘सुपरप्रेट्झेल’ शाळांच्या उपाहारगृहांपासून क्रीडांगणांपर्यंत गेला. म्हणजे पदार्थाला मॉलची गरज नाही. गरज आहे ती त्या विशिष्ट अनुभवाला, काही घ्यायचे नसताना थांबण्याला, अनोळखी माणसांच्या रांगेत उभे राहून समोरचे हात पाहण्याला.

ग्रुएन यांना मॉलमध्ये जो चौक हवा होता, तो त्यांना मिळाला नाही. पण त्याचा एक लहानसा तुकडा कदाचित या गाळ्यापुढे होता. बाकीच्या दुकानांत माणसे वस्तूंकडे पाहत, इथे ती माणसाच्या हातांकडे पाहत. डाउनिंगटाउनच्या बाजारात गाळा घेणाऱ्या स्त्रीला तरी दुसरे काय हवे होते? दुःखाने एकेकट्या झालेल्या माणसांना कुणाजवळ तरी थांबता यावे, यासाठीच तर तिने पीठ मळायला घेतले होते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे मराठीत हट्टी माणसाला हिणवताना म्हणतात. मॉलच्या या वेढ्याबाबत ती म्हण कौतुकाने वापरता येईल. भोवतालची दुकाने विझत गेली, तरी कुठल्या तरी वळणावर एखादी भट्टी अजून पेटलेली असते. एक मुलगी वळीची टोके उचलते, पीळ देते, दुमडते. काचेपलीकडे एक लहान मूल आईचा हात ओढून थांबते. पाच मिनिटांत ट्रे बाहेर येणार असतो आणि तेवढा वेळ दोघांनाही असतो.